बाबांचे बारा दगड

बाबा मुंबई सोडून कायमचे घरी आले तेव्हा मी आठवीत होते. तोवर बाबा म्हणजे गणपतीतले सात दिवस आणि शिमग्यातले चार, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवसांत ते नव्या सदऱ्यात असायचे, घरात पाहुण्यासारखे वावरायचे, आणि आई त्यांना वाढताना डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करायची. आता तेच बाबा एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि ओटीवर चटई टाकून आडवे झाले. धड उठून बसायलाच त्यांना पंधरा दिवस लागले. त्यांच्या अंगाला, कपड्यांना, ट्रंकेतल्या टॉवेलालासुद्धा दवाखान्यात येतो तसा एक वास होता. थोरली काकी म्हणायची, "मुंबईचा वास हाय, हितलं पानी लागलं की जाईल." तो पुरता कधीच गेला नाही.

मुंबईत बाबा एका संग्रहालयात शिपाई होते. आमच्या वाडीतले बाकीचे पुरुष गिरणीत किंवा गोदीत. त्यामुळे संग्रहालय म्हणजे नक्की काय, हे सांगताना आईची दर वेळी पंचाईत व्हायची. ती म्हणायची, "साहेबांच्या हापिसात हायत." प्रत्यक्षात त्यांचं काम असं होतं, की काचेच्या बरण्यांमध्ये स्पिरिटात बुडवून ठेवलेले विंचू, बेडूक, कोळी, साप यांची देखभाल करायची. स्पिरिट उडालं की भरायचं, बुचं बदलायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, धूळ पुसायची. बंद खोलीत बावीस वर्षं त्यांनी ते केलं आणि छाती धरून घरी आले. डॉक्टरांनी कष्टाची कामं बंद सांगितली होती. कातळसड्यावरच्या शेतकऱ्याच्या घरात कष्टाचं नाही असं काम कोणतं? नांगर नाही, भारा नाही, पाणी नाही. सकाळी आई चार वाजता उठायची. जात्याची घरघर, मग गोठ्यातल्या घंटा, मग चुलीवर ओली लाकडं फुंकताना तिचा येणारा खोकला, आणि त्याला ओटीवरून बाबांच्या खोकल्याची जोड. मी अंथरुणातूनच ओळखायची, हा तिचा, हा त्यांचा.

घर एकत्र होतं. थोरले काका, काकी, आम्ही तिघं. काका रागीट नव्हते, पण त्यांना रिकामा माणूस बघवत नसे. भावाला तोंडावर काही बोलत नसत, मात्र जेवताना आमटीकडे बघत म्हणायचे, "दोन हात कमीच पडतायत औंदा." आईशी तर ते थेट कधीच बोलत नसत. धाकट्या भावाची बायको. तिच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, नाव घ्यायचं नाही, अशी तेव्हाची रीत. समोर आई उभी असली तरी मला म्हणायचे, "सुमे, सांग तुझ्या आयशीला, बैलांना पानी दावायचं ऱ्हायलंय." आणि आई मला म्हणायची, "सांग, दावलं." मी दोघांच्या मध्ये उभी राहून काही न बोलता दोघांकडे बघायची. निरोप पोचलेला असायचा.

पावसाळा ओसरला तसे बाबा अंगणात यायला लागले. अंगणापलीकडे आमचा गडगा होता. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, माती-चुना न लावता नुसती रचलेली कंबरेएवढी भिंत. तिच्यापलीकडे भाताचे आमचे तुकडे आणि त्यावर नुसता सडा, काळा कातळ, डोळे दिपतील एवढा उघडा. आता मी रत्नागिरीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते आणि वर्षातून एकदा तिकडे जाते तेव्हा तो सडा ओळखूच येत नाही. चिरेखाणींनी त्याचे चौकोनी खड्डे केलेत. तेव्हा तो अखंड होता आणि त्याच्या दगडांखाली काय काय राहतं याचा कुणी विचार करत नसे, फुरसं या विषारी सापाचा सोडून.

एका सकाळी बाबा गडग्याशी उकिडवे बसलेले मी पाहिले. त्यांनी पायथ्याचा एक सुटा दगड उचलून उताणा केला होता आणि त्याकडे ते भिंगातून बघत होते. भिंग त्यांना संग्रहालयातल्या एका साहेबांनी दिलं होतं, मूठ मोडलेलं. मी जवळ गेले तशी त्यांनी मला हातानेच सावकाश यायला सांगितलं. दगडाच्या खालच्या बाजूला पातळ पांढरी जळमटाची पिशवी होती, आणि तिच्या तोंडाशी एक कोळी. आपण कौलात बघतो तसा लांब पायांचा नव्हे. काळसर, उंदराच्या पाठीसारखा मऊ दिसणारा, बोटाच्या पेराहून लहान.

"जाळं कुठाय?" मी विचारलं.

"हा जाळं विणत नाही," बाबा म्हणाले. "जमिनीवर राहतो. दिवसा दगडाखाली निजतो, अंधार पडला की पायी फिरून शिकार करतो. मागे बघ, दोन नळ्या दिसतात? त्यातून चिकट दोरा काढतो. एखादा मुंगळा गाठला की त्याच्याभोवती गरागरा धावतो आणि त्याचे पाय बांधून टाकतो. मग जवळ जातो."

"तुम्ही बघितलंय?"

बाबांनी भिंग खाली घेतलं. "साहेबांच्या तोंडून ऐकलंय. मी बावीस वर्षं मेलेलेच बघितले. चालताना आज पहिल्यांदा बघतोय."

हे वाक्य ते अगदी सहज बोलले. पण त्या दिवसापासून त्यांना उठायला कारण मिळालं, हे माझ्यासारख्या पोरीलाही कळलं. त्यांनी गडग्याच्या पायथ्याचे बारा सुटे दगड निवडले, प्रत्येकावर चुन्याने ठिपके दिले, एक ते बारा. मला शाळेची एक अर्धी वही मागून घेतली. रोज सकाळी ते दगड उचलायचे आणि मी लिहायची: चारखाली कोळी आहे, सहाखाली नाही, नऊखाली कात टाकलेली. दगड ठेवताना तो होता तसाच, त्याच खाचेत बसला पाहिजे, नाहीतर खालचा ओलावा जातो आणि कोळी घर सोडतो, असं ते सांगत. दिवेलागणीला कंदील घेऊन आम्ही बसायचो. मुंगळ्याभोवतीची ती धाव मी त्यांच्याबरोबर पाहिली. बाबा तेव्हा लहान मुलासारखे माझ्या दंडाला धरून होते, आणि इतका वेळ त्यांना खोकला आला नव्हता.

वाडीत हसं झालं. काका म्हणाले, "दगडांना टिळे लावून पूजा चाललीय." काकीला भीती अंगावर फोड येण्याची; कोळी अंगावर मुतला की फोड येतात हे तिला तिच्या आजीने सांगितलेलं. बाबांनी तिच्यासमोर एक कोळी मनगटावरून कोपरापर्यंत चालू दिला. "याच्या दातांनी काही होत नाही वहिनी. फार तर मुंगी चावल्यासारखं." काकीने तोंडाला पदर लावला आणि आत गेली.

नवव्या दगडाखाली अंडी सापडली तेव्हा भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडून पिवळ्या होत आल्या होत्या. अंडी म्हणजे दगडाला चिकटवलेली एक चपटी, कागदासारखी चकती, पांढुरकी, टिकलीहून थोडी मोठी. मादी तिच्यावर आठही पाय पसरून बसली होती. एरवी दगड उचलला की कोळी क्षणात फटीत जायचे. ही हलली नाही. बाबांनी गवताच्या काडीने तिला हळूच ढकललं तरी ती पुन्हा चकतीवर येऊन बसली. "पिल्लं बाहेर पडेपर्यंत अशीच बसणार," ते म्हणाले, "शिकारीलासुद्धा बहुतेक जाणार नाही." आई तेव्हा विहिरीवरून येत होती, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. बाबांनी तिला हाक मारली. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला काही दाखवायला बोलावलं असेल असं मला आठवत नाही. ती कळशी खाली ठेवून, डोक्यावरचा हंडा एका हाताने सावरत उकिडवी बसली, आणि भिंगातून बघत राहिली.

"खात नाय काय?"

"नाही."

"मग हिला पेज कोन घालतंय?" आई म्हणाली, आणि कळशी उचलून निघून गेली. पण त्यानंतर गडग्याकडे जाताना ती त्या बारा दगडांना वळसा घालून जायची.

पावसात गडग्याचा एक भाग ढासळला होता. भात पिकत आलं आणि शेजारच्यांची गुरं त्या खिंडारातून येतील म्हणून काकांना तो लगेच रचून घ्यायचा होता. बाबांनी पहिल्यांदाच काही मागितलं: आठ-दहा दिवस थांबा, पिल्लं बाहेर पडू देत, मग हवं ते करा. काका आईकडे न बघता मला म्हणाले, "सांग तुझ्या आयशीला, गुरं आली तर राखन कोन करनार." आई म्हणाली, "सांग, मी करीन." म्हणजे पहाटेच्या जात्यावर, गोठ्यावर, कापणीवर आणखी एक काम तिने घेतलं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी आठवून बघते. दमलेपण सोडून काही आठवत नाही. तिचा चेहरा तसाच होता, कायम.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कागदावर उतरवलेलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाबांना ताप आला आणि दिवेलागणीला मी एकटीच गडग्याशी गेले. नवव्या दगडाजवळ बसले, आणि मला आवाज ऐकू आला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. आमच्याकडे तो आवाज कुणाला शिकवावा लागत नाही. कंदील वर केला तर खिंडाराच्या कडेला, दोन दगडांच्या बेचक्यात, वीतभर फुरसं वेटोळं करून अंगाला अंग घासत होतं. डोक्यावरची पांढरी खूण स्पष्ट दिसली. मी मागे सरले. ते फटीत गेलं.

घरातला नियम एकच होता: फुरसं दिसलं की आधी काकांना सांगायचं, मग बाकीचं. आदल्या वर्षी असंच एक दिसलं तेव्हा काकांनी पहार घेऊन दहा हात गडगा उसवला होता आणि मुळातलं गवत जाळलं होतं. यंदाही तेच झालं असतं. बारा दगड, ती चकती, वही, सगळं त्याच रात्री संपलं असतं. मी घरात आले. बाबा गोधडीत होते. त्यांनी विचारलं, "आहे ना जागेवर? सगळं ठीक?"

मी म्हणाले, "हो."

फुरसं एका जागी थोडंच राहतं, उद्या कुठेतरी जाईल, अशी मी माझी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मी लांबूनच नजर टाकली, ते दिसलं नाही. मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाबा पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेले. आठवड्याला त्यांना इंजेक्शन असायचं. आठच्या सुमाराला शेजारचा बैल खिंडारातून आत शिरला आणि आई हातातलं शेण तसंच टाकून धावली. बैल तिने हाकलला. पुन्हा येऊ नये म्हणून ती खिंडारात दगड टाकायला लागली. बाबांचे दगड तिने उचलले नाहीत, हे मी स्वतः पाहिलं. ते सोडून पलीकडच्या बेचक्यात तिने हात घातला, आणि "आई गो" म्हणून मागे घेतला.

मी धावत गेले. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांच्या मुळाशी रक्ताचे दोन बारीक ठिपके होते. "काय चावलं?" काकीने अंगणातून विचारलं. आई हात झटकत म्हणाली, "कोळी वाटतंय. काळा, हातावरनंच पळाला." खरंच एक कोळी तिच्या हातावरून पळाला होता, मीही पाहिला. दगड हलल्यावर तो बिचारा पळणारच. दुसरं कुणी काही पाहिलं नाही.

काका आले. त्यांच्या सांगण्यावरून काकीने हळद आणि चुना लावला, फडकं बांधलं, आणि काका पहार घेऊन गेले. मी अंगणातून बघत होते. बारा दगड त्यांनी एकेक करून उलटे केले, जे दिसलं ते चपलेने रगडलं, नववा दगड दोनदा रगडला. बेचक्यातही पहार घालून बघितलं. परत येऊन म्हणाले, "काय नाय तिथं. कोळीच. किती वेळा बोललो."

ज्यासाठी मी गप्प बसले होते ते आता राहिलंच नव्हतं. तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे. उत्तर एवढंच, की आता सांगितलं तर पहिला प्रश्न आला असता, तुला कधी दिसलं? आणि प्रत्येक तासाला ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. मी चूल पेटवली, पेज टाकली, गोठा साफ केला. आई भिंतीला टेकून बसली होती. दहा वाजता मनगट सुजलं. बारापर्यंत कोपर. बांगड्या रुतायला लागल्या तेव्हा काकीने त्या फोडल्या. आईने पेजेचे दोन घोट घेतले आणि चूळ भरली. पाणी गुलाबी होतं.

काकी त्या पाण्याकडे बघत राहिली. मग काकांना म्हणाली, "हे कोळ्याचं नव्हं वो."

"मग कशाचं? तिनंच सांगितलं ना कोळी म्हनून," काका म्हणाले. पण त्यांनी पायात चपला सरकवल्या. "वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला आनतो. तो मंतर घालतो विषारावर." आणि ते निघाले.

मीही निघाले. मी एसटीच्या थांब्याकडे पळाले, टेकडी उतरून, अनवाणी. कातळ तापला होता. मला फक्त बाबांनाच सांगता येणार होतं, असं का वाटलं कोण जाणे. काकी समोर होती, तिला सांगता आलं असतं. थांब्यावर कुणी नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिले, एसटी येईपर्यंत, आणि एसटी तीन वाजता आली.

बाबा पायरीवरून उतरायच्या आधीच मी सगळं सांगितलं. कधी दिसलं, कुठे दिसलं, तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणाले. त्यांनी मला मारलं नाही, काही विचारलं नाही. "हिरड्यांतून रक्त येतंय?" एवढंच म्हणाले. मी मान हलवली. समोरून चिऱ्यांचा ट्रक येत होता, रत्नागिरीकडे जाणारा. माझे बाबा, जे बाजारात कुणी धक्का मारला तर स्वतःच "माफ करा" म्हणायचे, ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. ट्रक त्यांच्यापासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हरने शिवी दिली. बाबा म्हणाले, "माझ्या बायकोला फुरसं चावलंय. तुम्ही गेलात तर ती जाईल." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

टेकडी चढताना बाबांना दर दहा पावलांवर थांबावं लागत होतं. मला म्हणाले, "तू पुढं हो. दादाला सांग, फुरसं आहे, खाली आणा. तू बघितलंस ते सांग. सगळ्यांसमोर सांग."

मी सांगितलं. वरच्या वाडीतला म्हातारा समोर भात आणि कुंकू मांडून बसला होता. आई आडवी होती, डोळे अर्धे उघडे. पायाला आठवड्यापूर्वी काटा लागला होता त्या जखमेतूनही रक्त येत होतं. मी काय बोलतेय ते तिला ऐकू जात होतं. काकांनी हात उगारला, खाली घेतला. मागून बाबा पोचले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि श्वास सापडल्यावर म्हणाले, "दादा, माझ्यात ताकद नाही. तू उचल."

काकांनी एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग ते आईसमोर पाठ करून खाली बसले. ज्या आईशी ते चौदा वर्षांत एक शब्द थेट बोलले नव्हते, तिला म्हणाले, "शेवंते, गळ्यात हात घाल. घट्ट धर." आईने डावा हात घातला. काकीने तिला मागून उचलून दिलं. आणि साठीला आलेले काका तिला पाठुंगळी घेऊन ती टेकडी उतरले, पळतच, खडी, काटे, काही न बघता. मी मागून तिचा सुजलेला हात धरून पळत होते. तिचं रक्त काकांच्या सदऱ्याच्या खांद्यावर उतरलं होतं. बाबा बरेच मागे राहिले. ट्रक त्यांच्यासाठीही थांबला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. पण लस होती आणि त्यांनी ती दिली, एकामागून एक बाटल्या लावल्या. आई तीन दिवस शुद्धीत नव्हती. ती वाचली. उजव्या हाताची मधली दोन बोटं मात्र काळी पडली आणि काढावी लागली. ती महिन्याभराने घरी आली तेव्हा भात कापून, झोडून झालं होतं आणि गडगा काकांनी नव्याने रचला होता. आईच्या हातात विळा राहत नव्हता, जात्याचा खुंटा धरवत नव्हता. घरात बोलून कुणी काही ठरवलं नाही, पण मी शाळेत जायची थांबले होते आणि तसंच चालणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही. मला ते योग्यच वाटत होतं. मी पहाटे चारला उठायची. चौदाव्या वर्षी पाठ कशी दुखते ते मला तेव्हा कळलं, आणि आईची पाठ इतकी वर्षं कशी दुखली असेल तेही.

एका पहाटे उठले तर चूल पेटलेली होती. बाबा चुलीपुढे बसले होते, डोळे धुराने लाल, परातीत नाचणीचं पीठ. आई शेजारी पाटावर बसून सांगत होती, "पानी कमी. आता हातावर घ्या. नाय, तसं नव्हं." भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही बसून करायची कामं आहेत. ह्याला छाती लागत नाही. तू दप्तर काढ." सकाळी काकांनी ती जाड, करपलेली भाकरी बघितली, भावाच्या पिठाळ हातांकडे बघितलं. वाडीत पुरुष चुलीपुढे बसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, कुळथाच्या पिठीत बुडवून खाल्ला आणि म्हणाले, "शेवंते, मीठ कमी हाय गो." त्या दिवसानंतर ते तिच्याशी थेटच बोलू लागले.

बाबांनी चार वर्षं स्वयंपाक केला. शेवटी शेवटी त्यांच्या भाकऱ्या चांगल्या व्हायच्या. मी मॅट्रिक झाले, पुढे शिक्षिका झाले, तेहेतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. कोळ्याचा धडा आला की मी फळ्यावर आठ पाय काढायची, आणि त्या दिवशी घरी जाऊन मला काही करवत नसे. गडग्याकडे बाबा पुन्हा गेले नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं, ती पिल्लं बाहेर पडल्यावर त्या मादीचं काय होतं? ते म्हणाले, "ते कुणी सांगितलं नाही मला. आपण बघणार होतो." त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. तो असता तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं आहे. माझ्या नातीच्या फोनमध्ये आता कोळ्याचा फोटो काढला की त्याचं नाव येतं. तिने एकदा बाल्कनीत सापडलेला दाखवला आणि विचारलं, आजी, तुला यातलं काही माहितीये का? मी तिला म्हटलं, थोडंफार.

आई ऐंशी ओलांडून गेली. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडेच होती. एका दुपारी मी तिची नखं कापत होते, उजव्या हाताची तीन. त्या दिवशीचं तिने सगळं ऐकलं होतं आणि त्यावर आमच्यात कधीच बोलणं झालं नव्हतं. मीही साठीला टेकले होते, दमले होते, आणि आता नाही तर कधीच नाही असं वाटून मी एकदम म्हणाले, "आये, मी सकाळीच सांगायला हवं व्हतं. तुझी बोटं ऱ्हायली असती."

तिने डोळे उघडले नाहीत. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही.

"तू सांगितलंस म्हनून मी हाय," ती म्हणाली. "किती वाजता सांगितलंस ते मी कशाला बघत बसू? हा झाला. दुसरा हात घे."

मी दुसरा हात घेतला. त्याची पाचही नखं कापून होईपर्यंत तिला झोप लागली होती.